वांग्याच्या वाफ्यातल्या बारा बाटल्या

बाबा, परवा मी दारू प्याले. एवढं ऐकूनच तुमच्या कपाळाला आठी पडेल, म्हणून लगेच सांगते, ती तुमच्या ओळखीची दारू होती. लांब मानेची हिरवी बाटली, आत पिवळसर पाणी, वर लाकडी बूच. तुम्ही जिला सहा वर्षं तान्ह्या लेकरासारखं जपलंत तिचीच सख्खी बहीण. तुम्हाला अक्षर येत नव्हतं आणि तुम्ही जाऊनही आता पंधरा-सोळा वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कोण वाचणार, हे मला कळतं. तरी दवाखान्यातली पाळी संपवून आल्यापासून दोन दिवस दुसरं काही सुचत नाही. इथल्या पोरी मला फटकळ म्हणतात. बाळंतिणीच्या नवऱ्यांना मी तोंडावर सुनावते, पण तुम्हाला सांगायचं एक वाक्य मला कधी धड सांगता आलं नाही. ते आज लिहिते आहे.

कारंज्याच्या वेशीबाहेर आपला मळा होता आणि मळ्याच्या अंगाला सरकी काढायच्या जिनाचा बंगला. कापूस खरेदीला आलेला जर्मन साहेब त्यात राहायचा. त्याचं खरं नाव गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही, आणि त्याचंही काही अडलं नाही. बंगल्यावर भाजी आपलीच जायची. एका चैत्रात तो स्वतःच मळ्यात आला, हातात बाटली, चेहरा उन्हानं टोमॅटोसारखा लाल. विहिरीत वाकून त्यानं पाण्याला हात लावायचा प्रयत्न केला तेव्हा तुम्ही मोट थांबवून त्याचा सदरा मागून धरलात, नाहीतर तो आतच गेला असता. त्याला एवढंच हवं होतं की त्याच्या बाटल्या आपल्या विहिरीत गार व्हाव्यात. आई घरातून ओरडली, "प्याच्या पान्यात दारू बुडवता काय? लोकं तोंडात शेन घालतीन!" तुम्ही म्हणालात, "बूच घट्ट हाय. अन पानी कोनाचं काय इचारते?" टोपलीला दोर बांधला आणि सहा बाटल्या आत सोडल्या. त्या दिवसापासून गावात तुमचं नाव पडलं, दारू न पिणारा कलाल.

तुम्ही पीत नव्हता हे खरंच होतं. आजोबा मोहाच्या दारूपायी गेले आणि तुम्ही आजीच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली होती. साहेबानं एकदा पेला पुढे केला तेव्हा तुम्ही तेच सांगितलंत. तो रागावला नाही. पेला परत घेऊन म्हणाला, "अच्छा. मुँह नहीं, तो नाक लगाव, माली." आणि तुमचं नाक म्हणजे काय सांगावं! तुम्ही खरबूज दाबून पाहत नव्हता, देठाशी नाक नेऊन सांगायचात की हे आज खायचं, हे परवा. बाजारातले लोक आपली खरबुजं तुमच्यापुढे धरायला यायचे. त्या नाकाला साहेबानं शाळा लावली. तो बूच काढायचा, पेल्यात घोटभर ओतायचा, पेला गोल फिरवायचा आणि तुमच्यापुढे धरायचा. तुम्ही डोळे मिटून सांगायचात, "मोसंबीची साल." "ओला दगड, मोटेच्या पाट्याखालचा." "बोराच्या फुलावर मधमाशी बसते ना, ते." साहेब मांडीवर हात मारून हसायचा.

हिरवी बाटली एका नदीची आणि तपकिरी दुसरीची, हे तुम्ही मला शिकवलंत. नदीच्या काठी उभे डोंगर, त्यावर काळा पाटीचा दगड, दगडात द्राक्षाच्या वेली. दिवसभर दगड तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो, हे साहेबानं हातवारे करून सांगितलं तेव्हा तुम्ही माळी माणूस, तुम्हाला ते आपल्या वाफ्याइतकं स्पष्ट दिसलं. त्याला आम्हाला पटवायला सगळ्यात कठीण गेलं ते वेगळंच. त्याच वेलीची द्राक्षं लवकर तोडली की पाणी पातळ आणि आंबट, उशिरा तोडली की जड आणि गोड, आणि बुरशी लागून सुकेपर्यंत ठेवली की मध. आई म्हणाली, सडकं ते सडकं. तुम्ही मात्र मान हलवलीत. "अवो, हुरड्याची ज्वारी अन खळ्यातली ज्वारी येकाच धांड्याची नसते काय? तोडाची येळ पाय." बाटलीवरची वेडीवाकडी अक्षरं तुम्हाला वाचता येत नव्हती, म्हणून साहेबाला विचारून तुम्ही बुडाशी चुन्याचे ठिपके दिलेत. लवकरच्या तोडणीला एक, उशिराच्या तोडणीला दोन, बुरशीच्या द्राक्षाला तीन. पुढे साहेब स्वतः अक्षरं न वाचता ठिपके बघूनच बाटली उचलायला लागला.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते भरीत. साहेबाचा खानसामा सुट्टीवर होता आणि तो उपाशीच विहिरीच्या काठावर येऊन बसला होता. आईला दारूचा कितीही राग असो, दारात आलेला माणूस उपाशी ठेवणं तिच्यानं होत नव्हतं. तिनं गोवऱ्यांच्या आरावर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या ठेचल्या, वरून कच्चं तेल, कांद्याची पात, सांभाराची हिरवी पानं, आणि गरम भाकर. साहेबानं पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला वाटलं आता शिव्या देतो. त्यानं टोपली वर ओढली, दोन ठिपक्यांची हिरवी बाटली काढली, घोट घेतला, पुन्हा घास, पुन्हा घोट. शेवटी आईकडे वळून हात जोडले आणि म्हणाला की त्याच्या देशात ही दारू कशाबरोबर प्यायची यावर लोक भांडतात, त्यांना वांगं माहीतच नाही. तिखटाला ती थोडी गोडी लागते आणि तेलाला तो आंबटपणा. तेव्हापासून दर आठवड्याला भरीत व्हायचं. आई कुरकुर करायची आणि वांगी मात्र निवडून मोठी ठेवायची.

मग लढाई लागली. तुम्हाला वाटलं होतं लढाई तिकडे त्यांच्या नदीवर आहे, कारंज्याला काय! एका सकाळी दोन शिपाई आणि एक गोरा अंमलदार बंगल्यावर आले. साहेबाला सामान बांधायला थोडाच वेळ मिळाला. त्या वेळात त्यानं एक पेटी स्वतः उचलून मळ्यात आणली. बारा बाटल्या, सगळ्या हिरव्या, सगळ्यांना दोन ठिपके. "ये मेरे बाप ने रखा था, माली. मैं आएगा. तब तक ठंडा, अंधेरा, और लेटा हुआ." बाटली आडवी का ठेवायची ते तुम्हाला ठाऊक होतं, बूच ओलं राहिलं पाहिजे. तुम्ही फक्त म्हणालात, "तुमची अमानत हाय, साहेब." शिपायांच्या मधून तो गेला तेव्हा तुम्ही टोपी काढून उभे होतात, मी नऊ वर्षांची, तुमच्या धोतराला धरून.

विहिरीलगत मोटेचं सामान ठेवायची खोली होती, अर्धी जमिनीत गेलेली. तुम्ही तिथले मोटेचे दोर, नाडा आणि सोंदूर, बाहेर काढलेत, खाली नदीची वाळू पसरलीत, बाटल्या वाळूत निजवल्यात. उन्हाळ्यात रोज दोन घागरी वाळूवर, दाराला ओलं पोतं. आणि कायदा असा, की त्या खोलीत वासाची कुठलीही वस्तू जाणार नाही. कांदा नाही, लसूण नाही, हिंग नाही, घासलेट तर नाहीच नाही. "दारू हे नाकवाली चीज हाय, पोट्टे. बाजूचा वास वढून घेते." वैशाखात विहीर तळाला गेली, वाफे सुकले, तरी वाळूच्या दोन घागरी चुकल्या नाहीत. आई म्हणायची, तुमी त्या परक्याची दारू पानी घालून वाढवून राह्यले काय? शेजारचे म्हणायचे, साहेब मेला असन, विकून टाका. तुम्ही हसायचात. सहा उन्हाळे गेले.

आता ते वाक्य. घासलेटचा डबा त्या खोलीत मी ठेवला होता.

मी पंधराची होते, लग्न ठरलेलं, अंगात आळस भरलेला. आई म्हणाली डबा चुलीपासून लांब नेऊन ठेव, आणि मला उन्हातून गोठ्यापर्यंत जायचा कंटाळा आला. मोटेची खोली जवळ होती, गार होती, दार ओढलं आणि कोपऱ्यात सरकवला. म्हटलं संध्याकाळी हलवीन. तो आठ दिवस तिथेच राहिला. तळाला कुठेतरी झिरपत होता, काढला तेव्हा खाली चौकोनी ओल उमटलेली. त्यावर मी वाळू सारली. तुम्ही तेव्हा रोपं आणायला शेलूबाजाराकडे गेला होता, आणि वाळूवर पाणी मारायचं काम माझ्यावर सोपवून गेला होता.

महिनाभरानं बंगल्यावरून निरोप आला. साहेब जिवंत आहे, आपल्या देशात आहे, आता इकडे येणं होणार नाही. त्याचा एक दोस्त मुंबईला निघालाय, वाटेत कारंज्याला थांबेल, त्याच्या हाती बाटल्या द्याव्यात. तुम्ही दाढी करून आलात. नवं धोतर काढलंत. साहेबानं ठेवलेला बूच उपसायचा मळसूत्री खिळा काढून म्हणालात, "येक पाहून घेतो. खराब असन तं देनं शोभत नाही." मी दारात उभी होते. बूच सुखरूप निघालं. तुम्ही डोळे मिटून नाक लावलंत. मला तो चेहरा आजही दिसतो आहे, बाबा. आधी हसू होतं, मग हसू तसंच राहिलं आणि खालचं सगळं निघून गेलं. तुम्ही दुसरी उघडलीत, तिसरी, चौथी, अशी बारावीपर्यंत. मग वाळूत खाली बसलात आणि म्हणालात, "घासलेट."

"अठी कोनं डबा ठेवला?" तुम्ही घरात येऊन विचारलंत. मारलं असतंत तर बरं झालं असतं, पण तुम्ही हळू विचारलंत. आई म्हणाली, मले मालूम नाही. मी म्हणाले, मलेबी नाही. तेवढंच बोलले. आठच दिवस होता हे बोलले असते, तर तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे होतात, तुम्ही विचार केला असता की घट्ट बुचातून, वाळूतून, आठ दिवसांत बाराच्या बारा बाटल्यांत वास शिरतो कसा? पण मी काही बोललेच नाही आणि तुम्हाला वाटलं, न जाणो किती महिने हे चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी तो दोस्त आला. तुम्ही त्याला पुढे होऊन सांगितलंत, "साहेब, अमानतीत खयानत झाली. माह्याच्यानं राखनं झालं नाही. कंदील घेऊन जात होतो, त्याचाच वास लागला." कंदील! तुम्ही त्या खोलीत कधी पणतीसुद्धा नेली नव्हती. तो गोरा माणूस व्हिस्कीवाला होता, ही दारू त्यानं जन्मात चाखली नसावी. उघड्या बाटलीला नाक लावून त्यानं तोंड वाकडं केलं. "हाँ, मिट्टी का तेल." तुमच्या पाठीवर थोपटून, जाऊ दे म्हणत, तो निघूनही गेला. मग तुम्ही एकेक बाटली काढून वांग्याच्या वाफ्यात ओतलीत, बाराही. त्या वाफ्यातलं वांगं त्या वर्षी तुम्ही तोडलं नाहीत, बाजारात नेलं नाहीत, बैलांनाही घातलं नाहीत.

संध्याकाळी मी खोलीत डोकावले तर तुम्ही वाळू बाजूला करून कोपरा शेणानं सारवत होता. पुरुष माणूस, शेणाचा पोतेरा हातात. चौकोनी ओल तुम्हाला सापडली होती, आणि ती आईला दिसू नये म्हणून तुम्ही मिटवत होता. पाणी मारायला त्या खोलीत कोण जायचं हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मान वर केलीत, मला पाहिलंत आणि म्हणालात, "जा, माय बलावते." त्यावर आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाही.

पण तुमचं नाक गेलं. सर्दी नव्हती, काही नव्हतं. बाजारात कुणी खरबूज पुढे केलं की तुम्ही ते माझ्याकडे सरकवायचात. "तू पाय व. माह्या नाकाचा भरोसा नाही राह्यला." गावाची चेष्टा तुम्ही सहा वर्षं हसून सोसलीत, आणि हे तुम्हाला सोसलं नाही. माझं लग्न झालं, दोन वर्षांत मी पांढऱ्या कपाळानं परत आले, आणि सगळे कोपऱ्यात बसवायला निघाले असताना तुम्ही मला बैलगाडीत घालून अकोल्याला दवाखान्यात आणून सोडलंत. वाटेत एवढंच म्हणालात, "लोकाईचे लेकरं राख. तुले जमन." तुम्हाला जमलं नाही असं धरूनच बोलला होतात, ते मला कळलं, आणि तरीही मी गाडीत गप्प बसले. शेवटच्या दुखण्यात तापात तुम्ही विचारलंत, "चवीले कसं असन व ते?" मी समजले नाही असं दाखवलं आणि कपाळावर ओली पट्टी ठेवली.

आता परवाचं. आमच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत. जर्मनच. त्यांच्या देशात आता त्यांच्या धर्माच्या माणसांना जगू देत नाहीत, म्हणून पळून आल्या. परवा एका पोरीची अडलेली सुटका झाली, आई-लेकरू दोन्ही वाचली, आणि दुपारी बाईंनी मला त्यांच्या खोलीवर बोलावलं. घमेल्यात पाणी, पाण्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली लांब मानेची हिरवी बाटली. घरातून निघताना एवढी एकच आणता आली म्हणाल्या. बूच निघालं. मी टेबलाच्या या बाजूला होते तरी मला तो वास आला, वीस वर्षांनी तोच. मी त्यांच्या हातातला पेला धरला. "बाई, पिऊ नका. घासलेट आहे त्यात. नासली."

त्या हसायला लागल्या. "नहीं सिस्टर, नासली नहीं. बूढ़ी हो गई." मग खुर्चीत बसून, मोडक्या हिंदीत, लेकराला समजवावं तसं समजावलं. या द्राक्षाची दारू तरुणपणी फळाफुलांच्या वासाची असते. वय झालं की तिला हा वास येतो, आपोआप, आतूनच. तिला घासलेट लागत नाही. गरम मुलखात तर लवकरच येतो. "मगर अच्छा रखा हो तब. बुरा रखा तो सिरका बन जाती है. ये बास आई, समझो किसी ने बराबर सँभाला." पेला त्यांनी उजेडात धरला. आतला रंग जवसाच्या तेलासारखा झाला होता. त्यांच्याकडे लोक या वासाची वाट बघत बसतात म्हणे.

मी खाली फरशीवर बसले, बाबा. बाराच्या बारा बाटल्यांना वास होता. म्हणजे एकही नासली नव्हती. सहा उन्हाळे, रोज दोन घागरी, एक बाटली चुकली नाही तुमची. तुमच्या नाकानं बरोबर तेच सांगितलं होतं, आणि आपण दोघांनी त्याचा अर्थ उलटा लावला, कारण तो चौकोन तिथे होता. रडू आलं ते बाईंसमोरच आलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगायला लागले. विहीर, टोपली, ठिपके, भरीत, शिपाई, वाळू. बाई पुढे वाकून ऐकत होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरात मागे राहिलेलं कोण काय सांभाळतंय, ते देवाला ठाऊक. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "फिर? वो साहब लौटा? पिया उसने?"

मी म्हणाले, "हो. लौटे."

तोंडातून तेच निघालं. आणि मग मी थांबलेच नाही. साहेब विहिरीच्या काठावर बसले, आईनं भरीत केलं, बाबांनी वाळूतली बाटली काढली, बूच उघडलं. साहेबांनी नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "माली, तुमने रखा." हे सगळं मी सांगितलं. सांगताना तुम्ही मला नव्या धोतरात दिसत होता, हात पाठीमागे बांधलेले, हसू काही केल्या न दबणारं. बाईंनी डोळे पुसले आणि दुसऱ्या पेल्यात घोटभर ओतून माझ्यापुढे धरला. "तुम्हारे बाप के नाम." आता त्याला नाही कसं म्हणणार?

तर चवीला असं असतं, बाबा. आधी आवळा चावल्यासारखं, कानशिलं आखडतात. मग आवळ्यावर पाणी प्यावं तशी गोडी येते, आणि ती गेली म्हणता म्हणता जात नाही. घासलेट जिभेवर लागतच नाही, ते नाकातच राहतं. भरीत असतं तर बरं झालं असतं.

हा कागद मी कुठल्या टपालात टाकणार, पेटीत तळाला ठेवीन. डॉक्टरीणबाई काल पुन्हा विचारत होत्या, साहेबानं सगळ्या बाटल्या एकट्यानं संपवल्या का. मी म्हणाले, नाही, दोन बरोबर नेल्या. खोटं आणखी वाढवलं, आणि ते मागे घ्यायचा माझा विचार नाही.